नव्या नर्सचा कप

मावशी,

युनिफॉर्मची एकच बाही इस्त्री करून लिहायला बसले, उठले, परत बसले. तू शब्द टाकून मिळवून दिलेली नोकरी मी महिन्याभरातच सोडतेय. दुसऱ्या हॉस्पिटलातून फोन आला. नवजात बाळांचा विभाग, मला पहिल्यापासून हवा असलेला.

आज मोठ्या सिस्टरांनी चहाच्या कपाटात माझ्यासाठी कप ठेवला. म्हणाल्या, "आता तू घरची. पळालीस तर तंगडं मोडीन!" मी हसले, चहा प्याले. माझ्यामुळे तुला त्यांच्यापुढे खाली बघायला लागेल. तरी मी जाणार.

तुझी,
धाकटी

सकाळी सिस्टरांना सांगितलं. त्यांनी कप धुतला, कागदात गुंडाळला. "घेऊन जा. तिथे नव्या माणसाला कुणी कप देत नाही." पत्र टाकलं नाही. मावशीला फोन केला.