हॉर्न जवळजवळ तयार आहे

२ मे, सकाळ
हॉर्नचं काम आजपासून सुरू. आठवड्यात संपवायचं आणि मग आप्पांना लातूरचं सांगायचं. क्रम ठरला की निम्मं काम झालं, असं मी मानते.

नोंद असावी म्हणून: लातूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याने मला ड्रॉइंग विभागात घेतलं आहे. गाड्यांचे सुटे भाग बनवतात. वीस तारखेपर्यंत फोन करून येते म्हणायचं, एक जूनला हजर व्हायचं. अर्जात दोन नंबर मागितले होते म्हणून दुसरा दुकानाचा दिला. घरी कुणाला माहीत नाही. लपवलेलं नाही. सांगायचं राहिलं आहे.

हॉर्न अर्धापूरच्या आनंदराज यांचा. केळीचे व्यापारी. त्यांनी कुठूनतरी एक जुनी, वरून उघडी मोटार आणली आहे. सत्तावीसला मुलाची वरात तिच्यातून काढणार. बॅटरीवरचा हॉर्न नको म्हणाले. पूर्वी मोटारींना असायचा तसा, रबरी फुगा दाबून वाजवायचा पितळी हॉर्न पाहिजे. आप्पांच्या दुकानावर 'सर्व प्रकारचे हॉर्न' असं लिहिलेलं आहे, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती. आप्पा म्हणाले, पुनम करंल की. डिप्लोमा कशाला केलाय तिनं.

हॉर्न उत्तम झाला की मी लातूरला जाण्याच्या योग्यतेची आहे, हे आप्पांना वेगळं पटवावं लागणार नाही.

३ मे
रचना सोपी. फुगा दाबला की हवा नळीत शिरते. वाटेत पितळेची पातळ पत्ती बसवलेली असते, ती थरथरते, आवाज होतो. पुढचा कर्णा तो मोठा करतो. बाकी काही नाही.

कर्णा इतवाऱ्यातल्या मकबूलचाचांना सांगितला. ते बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करतात. फुगा आप्पांच्या माळ्यावर मिळाला. पत्ती मी स्वतः कापणार.

लवकर संपेल असं दिसतं. लातूरला कोणते ड्रेस न्यायचे ते मनात काढून ठेवले.

६ मे
वाजला. पहिल्याच दाबाला.

आई, म्हणजे आमची अव्वा, भाकरी तव्यावर टाकून बाहेर आली. म्हणाली, अगं बाई, लई झ्याक वाजून राहिलाय की. दे आता त्याला नेऊन, आन् माझं टेबल मोकळं कर. चार दिवस झाले, खाली बसून जेवून राहिलोत आम्ही.

अव्वाला सुरातलं कळत नाही. हा आवाज बदकाचा आहे. जुन्या मोटारीचा नाही.

जुन्या मोटारीचा आवाज मला पक्का माहीत आहे. आप्पा तेव्हा गावोगाव वायरिंगची कामं करायचे, आमचा पत्ता दरवर्षी बदलायचा, म्हणून चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. आप्पांनीच घरी शिकवलं. उदगीरला खिडकीशी पाटी घेऊन बसायचं. गणित चुकलं की पाटी पुसून पहिल्यापासून. अर्धवट पाटी दाखवायची नाही, हा त्यांचा नियम. मला तो अजून पुरतो.

उन्हाळ्यात दुपारी गल्लीतून एक हॉर्न जायचा. लांब पों, आणि शेवटी किंचित वर चढायचा. गल्लीतली सगळी पोरं ओरडत त्याच्यामागे पळायची. खिडकी उंच होती, मला काही दिसायचं नाही. काय आहे ते, असं विचारलं की आप्पा म्हणायचे, जुनी मोटार हाय सावकाराची. तू गणित कर.

तोच आवाज काढायचा. आप्पांनाही ओळखू येईल.

९ मे
पत्ती टोकाकडे घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. आज टोकाला जास्त घासली गेली. मग मुळाशी घासली. मग तुटली. नवी कापली. अंगठ्याला पट्टी.

लातूरचं सांगायला दोनदा निघाले होते. आमचं घर दुकानाच्या मागे आहे. बाहेर पडायला दार एकच, दुकानातलं, आणि त्या दारात आप्पांचं स्टूल. म्हणजे सांगायची संधी दिवसभर समोरच असते. ही एक मोठी सोय आहे. पहिल्या वेळी गिऱ्हाईक होतं. दुसऱ्या वेळी कुणी नव्हतं, पण आप्पा निवांत बसले होते, आणि निवांत बसलेल्या माणसाला उठवणं बरं नाही.

मागच्या दोरीवर कपडे वाळत घालून परत आले.

१३ मे
मकबूलचाचांनी कर्णा पुन्हा उघडून पुन्हा झाळून दिला. तिसऱ्यांदा. म्हणाले, बेटी, हे वाजून राहिलं ना? मग झालं. मोटारीला काय सनई बसवायचीय का? मी त्यांना शेवटच्या चढावाचं समजावून सांगितलं. तोंडाने वाजवूनही दाखवलं. समोरच्या दुकानातली माणसं बघत होती, पण कामात लाज धरून चालत नाही.

चाचांनी कर्णा खाली ठेवला. विचारलं, हे कुठं ऐकलं तू? उदगीरला, मी म्हटलं. सावकाराची मोटार होती. ते म्हणाले, माझी सासुरवाडी उदगीरची हाय. अशी मोटार काय मी बघितली न्हाई बुवा.

जावई माणूस. दुपारी जेवून झोपत असणार.

१७ मे
ऊन भयंकर. वीज नाही. माळ्यावरच्या फुग्याला चीर गेली. नवा आणला, तो फार कडक. रात्रभर तेलात ठेवला आणि अव्वाने सकाळी त्याच तेलात फोडणी दिली. दिवसभर डाळीला टायरचा वास. अव्वा म्हणाली, तुझ्या लग्नापतोर तरी संपंल का गं हे. घरात प्रत्येक गोष्ट माझ्या लग्नापर्यंतच मोजतात. लातूरला गेल्यावर दुसरं काहीतरी मोजतील.

संध्याकाळी आप्पा टेबलाजवळ आले. कर्णा हातात घेऊन फिरवून बघितला. मग म्हणाले, पुनम, काही सांगायचंय का?

मी म्हटलं, शेवटचा सूर राहिलाय आप्पा.

हाव, म्हणाले, आणि स्टुलावर जाऊन बसले. सुरांची किती काळजी आहे त्यांना.

२० मे
आज लातूरला फोन करायचा होता. सकाळपासून शांतपणे विचार केला. आप्पांना सांगायच्या आधी कारखान्याला येते म्हणणं म्हणजे कारखान्याशी खोटं बोलणं. हॉर्न व्हायच्या आधी आप्पांना सांगणं म्हणजे अर्धवट पाटी दाखवणं. दोन्ही चूक. म्हणून फोन केला नाही. मन स्वच्छ आहे.

त्यांचा फोन येऊन उगाच खोटी आशा लागायला नको म्हणून मोबाइल बंद ठेवला. चांगले कारखाने चांगल्या माणसासाठी थांबतात.

संध्याकाळी दुकानातला फोन वाजला. आप्पा बराच वेळ बोलत होते, एरवी दोन वाक्यांत संपवतात. गिऱ्हाईक असावं. ठेवल्यावर उगाच आत येऊन पाणी प्यायले, माठाजवळ उभे राहून. मी पत्ती घासत होते. मान वर करायला फुरसत नव्हती.

२४ मे
झालं.

कसं झालं ते लिहून ठेवते. जुना चीर गेलेला फुगा चिकटवून परत लावला. चिरेतून हवा जाते, त्यामुळे दाब सुटताना सूर किंचित वर चढतो. तोच. अगदी तोच. डोळे मिटले तर मांडीवर पाटी होती आणि वर खिडकी. डोळ्यांत पितळेचा कीस गेला असावा.

आप्पा स्टुलावरून ताडकन उठले. आधी रस्त्याकडे बघितलं, डावीकडे, उजवीकडे, मग वळून माझ्याकडे. ओळखला त्यांनी. इतक्या वर्षांनी मोटार ओळखली.

तेव्हाच सांगता आलं असतं. पण काम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत पूर्ण होत नाही. सत्तावीसला हॉर्न द्यायचा, अठ्ठावीसला सांगायचं, एक तारखेला लातूर. मधे कपडे धुवायलाही दिवस मिळतो.

२७ मे, अर्धापूर
सविस्तर लिहिते, म्हणजे पुढे कुणी दोष देऊ नये.

दुपारी हॉर्न मोटारीला बसवला. मोटार सुरेख. निळा रंग, आत नवरदेव, बाजूला त्याची आई सिंधुकाकू, पुढे बँड. आनंदराज म्हणाले, पहिला हॉर्न आमच्या इंजिनेर ताईच्या हातनं. मी दाबला. पों, आणि शेवटचा चढ.

बँड थांबला नव्हता तोवर डावीकडच्या गल्लीतून एक पोरगी वाटी घेऊन पळत आली. मग तीन पोरं. मग ग्लास, पातेली, एक जण चहाची गाळणी घेऊन. सगळी मोटारीला भिडली. एकीने नवरदेवाला विचारलं, दादा, नारंगी हाय का? दुसरा म्हणाला, मला दुधाचा गारीगार दे, गेल्या बारीला पाणीच दिलतं.

ड्रायव्हरने वाट मोकळी करायला हॉर्न दिला. उजवीकडची गल्ली आली. पुन्हा दिला. मागच्या वस्तीतल्या बायका लेकरं कडेवर घेऊन आल्या. जितका हॉर्न द्यावा तितकी गर्दी वाढत होती. मी ओरडून सांगत होते की दाबू नका. ड्रायव्हर म्हणाला, मग ह्यांना हटवू कसं? आणि दाबला. मोटार पुढेही जाईना, मागेही. मी फूटबोर्डवर उभी, दोन्ही बाजूंनी वाट्या. उतरायलाही जागा नाही.

मग मारुतीच्या देवळाकडून सायकल आली. मागे पेटी, हँडलला रबरी फुगा. त्याने दाबला. लांब पों, आणि शेवटी किंचित वर.

सगळे तिकडे वळले. मीसुद्धा.

गारीगारवाल्याचं नाव हरिओम. तो नवरदेवाकडे बघेना, वरातीकडे बघेना, नुसता माझ्या हॉर्नकडे बघत होता. म्हणाला, ताई, माझ्या पोंगीचा आवाज तुमच्याकडं कसा आला? तिला तर चीर गेलीय म्हणून ती तशी वाजती.

आनंदराज इतके हसले की त्यांचा फेटा सुटला. अख्खी पेटी वाटायला लावली. नवरदेवानेही घेतला. फोटोंमध्ये त्याची जीभ नारंगी येणार. सिंधुकाकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, आधी ते काढा तिथून. माझ्या लेकाची वरात हाय का बर्फाची गाडी?

ट्रॅक्टरचा हॉर्न काढून लावला आणि वरात निघाली.

मी जीपने परतले. हॉर्न मांडीवर. खड्डा आला की फुगा दाबला जायचा, आणि रस्त्याकडेची पोरं उठून उभी राहायची.

२८ मे
तांत्रिकदृष्ट्या हॉर्नमध्ये दोष नाही. दोष अर्धापूरच्या लोकांच्या सवयीत आहे.

सकाळी आप्पांना विचारलं, उदगीरला गल्लीतून जायची ती मोटार कोणाची होती?

आप्पा डब्यात स्क्रू शोधत राहिले. मग म्हणाले, मोटार कुठली गं. गारीगारवाला होता. तुझा घसा लगेच धरायचा. आन् एकदा का तू बाहेर गेलीस की गणितं तशीच पडायची. मोटार हाय म्हणलं की गप बसून राहायचीस.

मी म्हटलं, काही हरकत नाही. खरंच नाही. गणितं मला चांगली येतात.

लातूरचं आजच सांगणार होते. पण ह्या विषयावर तो विषय काढणं योग्य वाटलं नाही. आप्पांना वाटलं असतं, मी बदला घेते आहे. एक तारखेला सकाळी सांगणं सर्वांत सुटसुटीत. बॅग भरली. पलंगाखाली ठेवली, अव्वाच्या पायात येऊ नये म्हणून.

१ जून
सकाळी आधी कारखान्याला फोन लावला. उशिरा कळवते आहे, पण आज येतेच, असं सांगायला. तिकडचे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, वीस तारखेला तुमच्या वडिलांशी बोलणं झालं होतं की. ते म्हणाले, माझी काही ना नाही, पण ती स्वतः कळवेल. आम्ही पंचवीसपर्यंत थांबलो. आता दुसऱ्यांना घेतलं, मॅडम, ते आजच रुजू झाले.

बाहेर स्टुलापाशी गेले. आप्पांना म्हटलं, तुम्हाला माहीत होतं.

हाव, म्हणाले. शांतम्माला पण बोलून ठेवलं होतं, तुझ्या लातूरच्या आत्याला. तिनं वरची खोली झाडून ठेवलीय. तू आज सांगशील, उद्या सांगशील म्हणून वाट बघून राहिलो. फोन यायच्या आधीच वाटलं होतं काहीतरी हाय, तवा एकदा विचारलं पण तुला.

मी म्हटलं, काम पूर्ण झालं नव्हतं. अर्धवट पाटी दाखवायची नाही, तुम्हीच शिकवलंत.

आप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, ते पाटीचं होतं, पुनम.

मग स्टूल उचलून दारातून बाजूला ठेवलं आणि भिंतीला टेकून उभेच राहिले. दार मोकळं होतं. मी थोडा वेळ तिथे थांबले. बाहेर ऊन फार होतं.

बॅग रिकामी केली. एका दृष्टीने बरंच झालं. घाईत जाण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी हरिओम आला, अर्धापूरहून बसने. त्याची पोंगी पुरती फाटली. म्हणाला, ताई, ती तुमची मला द्या, वरातीत कुणाच्या कामाची न्हाई ती. टेबलावरचा हॉर्न त्याने उचलून एकदा दाबला. आमच्या गल्लीतली पोरं वाट्या घेऊन दुकानासमोर उभी राहिली. हरिओम खूश झाला. म्हणाला, हे बघा, एकदम बराबर हाय. आत्ताच घेऊन जातो.

मी त्याच्या हातातून हॉर्न परत घेतला. सांगितलं, शेवटच्या सुराचं थोडं राहिलं आहे. पुढच्या आठवड्यात या.