घोटभर कॉफी

प्रिय रत्नी,

फोनमधून कुणीतरी ऐकतं म्हणून तू तो फेकून दिलास, मग पत्रच लिहिते. अगं, रागावले नाहीये मी. आपल्या भावाची, सुवेताची गोष्ट सांगायचीय. तू तेव्हाही तिथे सुराबायालाच हॉटेलच्या धुलाईखात्यात होतीस आणि आईनं तुला अर्धीच सांगितली.

देवळाच्या उत्सवात पितळी पट्ट्या वाजवता वाजवता त्याची हातोडी वरच राहिली. बाकीचे थांबले, उठले, हा तसाच! आपल्या बालीत दुसरं काय वाटणार? म्हणाले, अंगात आलंय. पुजाऱ्यांनी तीर्थ शिंपडून विचारलं, "कोण आलात? काय हवंय?" तसाच उचलून घरी आणून बसवला, तर लोक फुलं, भात, कॉफी घेऊन हजर. मावशी तर जावयाच्या बढतीचं विचारायला आली! आई कौतुकानं सगळ्यांना बसवत होती आणि पोराच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. शेवटी पुजारीच ओरडले, "देव असा उपाशी मारत नाही गं, दवाखान्यात न्या याला!"

डॉक्टरीणबाईंनी त्याचा हात वर केला, तो वरच राहिला. मग एक सुई. एवढंसं औषध, रत्नी! बघता बघता बोटं सैल पडली, हात मांडीवर आला, आणि हा आईला म्हणतो कसा, "कॉफी नुसती समोर काय ठेवता, घोटभर पाजायची ना!" मी हसले की रडले, मलाच ठाऊक नाही. त्याला सगळं ऐकू येत होतं गं. आतून कुणीतरी बजावत होतं, हललास तर देऊळ कोसळेल. देऊळ सावरत बसला होता बिचारा.

बाई म्हणाल्या, मेंदूतल्या रसायनांचं माप बिघडलं की असं होतं. स्किझोफ्रेनिया म्हणतात. कुणी गोठतं, कुणाला आवाज येतात, कुणाला भातात विष दिसतं. चिमटीतही न येणारी ती रसायनं, आणि अख्खा माणूस त्यांच्यावर उभा! मला तर त्या दिवसापासून माणसाच्या डोक्यापुढेच हात जोडावेसे वाटतात. सुवेता रोज गोळ्या घेतो, कुरकुरतो, जाड झालाय, आणि पुन्हा वाजवतो.

तुझ्या मैत्रिणीनं कळवलं. धुलाईची यंत्रं तुझं नाव घेतात, तू जेवत नाहीस, आतून कडी लावून बसलीयस. आवाज खोटे, असं मी म्हणणार नाही. तुला येतात ना, मग येतात. पण हे पत्र दाराखालून सरकवलंय ते सुवेतानं. बाहेर बसलाय तो, थर्मासमध्ये कॉफी घेऊन. पहिला घोट तोच घेऊन दाखवेल. कडी काढ, बाळा.

तुझीच,
सुकर्तीताई