डबा ओढायला जीप

३ डिसेंबर १९९६

नोटीस आली! सोसायटीच्या कागदावर, शिक्क्यासकट. "आपल्या मालकीची चाके असलेली खोली" सव्वीस जानेवारीच्या सत्यनारायणाआधी हलवावी. सेक्रेटरी लेल्यांना दुसरं नाव सुचलं नसावं. मंडप दरवर्षी त्याच जागी उभा राहतो, आणि म्हणे देवाला जागा बदललेली चालत नाही. देव तसं बोलल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

मी तर म्हणते आजच हलवा! जूनपासून लोकांना तोंड चुकवत फिरतेय. आमचे हे न्हावा शेव्याला क्लिअरिंग एजंटकडे नोकरीला. बंदरात बेवारस पडलेल्या मालाचा लिलाव झाला. बाकीचे लोक कापडाचे तागे घेऊन आले, पंखे घेऊन आले. ह्यांनी काय उचललं? कॅरॅव्हॅन! परदेशात मोटारीमागे बांधून फिरवतात ते घर. आमच्याकडे मोटार नाही. सायकल आहे, ती पण मुलाची, सुयशची.

बेत असा की धाकट्या भाऊजींच्या नागावच्या वाडीत समुद्राकाठी ते ठेवायचं, मुंबईकर भाड्याने राहतील, आणि पावसाळ्याआधी परत कोपरखैरण्याला आणायचं. अख्ख्या सोसायटीला ऐकवून झालंय. पण क्रेनने इथे उतरवलं, आणि नंतर कंपाउंडची भिंत झाली. आता क्रेन आत येत नाही. फाटकातून ओढूनच न्यायला हवं. त्याचं वजन हत्तीचं! म्हणून हे आता फोर व्हील ड्राइव्ह शोधणार, चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली गाडी. जुनी. म्हणजे एका भंगारासाठी दुसरं भंगार.

६ डिसेंबर

डबा झाडायला गेले. (मी त्याला डबाच म्हणते.) धूळ उडून शेजारणीने बाहेर वाळत ठेवलेल्या भांड्यांवर जायला लागली म्हणून आत जाऊन दार ओढलं. खट्ट! आणि एकदम शांत.

मी जी बसले ती बसलेच. काहीही केलं नाही.

आमचं घर वन रूम किचन. सुयशचं लग्न झाल्यापासून खोली त्या दोघांची, आम्ही स्वयंपाकघरात, ह्यांचे पाय फ्रीजखाली. ऋता पोरगी गोड आहे, तक्रार नाही. पण आतून कडी लागते असं माझ्या वाट्याला एकच दार, बाथरूमचं, आणि त्याच्या आत गेलं की बाहेरून हाका सुरू! "आई, झालं का?"

इथे कोणी हाक मारली नाही. घरी सांगितलं, धूळ फार होती. उद्या पण जावं लागेल.

९ डिसेंबर

धूळ संपतच नाहीये!

१५ डिसेंबर

आज रविवार. हे, सुयश आणि लेले गाडी बघायला गेले. लेल्यांना कोणी बोलावलं नव्हतं. गावातल्या गोटीरामशेठचा खाडीलगत प्लॉट आहे. पूर्वी मिठागर होतं, आता जुन्या गाड्या विकतात.

पहिली जोंगा. मिलिटरीतून निघालेली, हिरवी, आडदांड. हे चढले ते उतरेचनात, सुयश सांगत होता. "बाबा हसत होते ग, लहान मुलासारखे." मग लेल्यांनी विचारलंच— "ॲव्हरेज किती देते?"

गोटीरामशेठ म्हणे, "साहेब, ही तोफा वडायची. हिला ॲव्हरेज नाय इचारायचा."

तरी विचारला. लिटरला चार. दहाव्याला जमल्यासारखी सगळ्यांची तोंडं झाली. जोंगा बाद.

२२ डिसेंबर

जिप्सी ट्रायलला आली, थेट आपल्या फाटकात. काय देखणी! पोरं बोनेटवर चढली. डब्याला दोर बांधला, गोटीरामशेठने दणकून ॲक्सिलरेटर दाबला. जिप्सी पुढे जायच्या ऐवजी शेपूट हलवत तिरकी झाली. म्हशीला वासराने ओढावं तसं. डबा तसूभर हलला नाही.

सगळे हळहळले. मी पण हळहळले, मोठ्याने. आतून इतकं हायसं वाटलं की माझी मलाच लाज वाटली.

लिहून टाकते, इथे कोण वाचतंय! मला डबा जायला नकोय. रोज दुपारी भांडी आवरली की मी तिथे बसते. रेडिओ लावते, नाही तर तोही लावत नाही. ही वही पण आता तिथल्याच घडीच्या टेबलावर लिहिते. डबा गेला की माझं दार गेलं. पण हे म्हणायचं कोणाला? सहा महिने मीच त्याच्या नावाने बोटं मोडली. आता कोणत्या तोंडाने सांगू?

५ जानेवारी १९९७

आज मला पण नेलं. "वैजू, बायकांची नजर वेगळी असते," म्हणे. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आठवण झाली नजरेची!

तिसरी गाडी म्हणजे डिझेल जीप. राखाडी. सीट फाटकं, हॉर्न मात्र सणसणीत. गिअरशेजारी फोर व्हीलचा वेगळा लिव्हर, त्याला लाल मूठ. आणि ॲव्हरेज? चौदा! लेले हर्षाने टाळी वाजवायचेच बाकी होते. "नंदकिशोरराव, डोळे मिटून घ्या! हिला ट्रायल कसली!"

पुरुष मंडळी चक्कर मारायला गेली. मी गोटीरामशेठच्या बायकोबरोबर, गोजराबाईंबरोबर, ओट्यावर चहा घेत बसले. बाई रोखठोक. जीप वळणाआड गेली तशी म्हणाल्या—

"वयनी, ही नका घेव. इंजिनाकरना पुढच्या चाकांना दांडा जातो ना, तो आदल्या मालकानं काढून टाकलाय. डिझेल वाचवाला. म्हनून तर चौदा देते! आत लिवर हाय, खाली काय नाय."

"मग आमचा डबा?"

"नाय वडायची. आमच्या शेठला बोललू, आदी सांग गिऱ्हाइकाला. ते बोलतान, इचारला तर सांगीन."

मी कप खाली ठेवला. तेवढ्यात जीप परत आली. हे उतरले, केस उडालेले, चेहरा फुललेला. "काय मग? तू सांग. तू म्हणशील ती."

मी म्हटलं, "हीच. ॲव्हरेज बघा ना!"

 गोजराबाईंनी आत जाऊन मला दुसरा कप आणून दिला.

६ जानेवारी

फार वाईट वाटतंय. काय केलं मी! पैसे ह्यांचे, हौस ह्यांची. सकाळपासून गाडी धुतायत. शिट्टी वाजवतायत! मी दोनदा सांगायला गेले. दोनदा विचारून आले, चहा हवा का.

१४ जानेवारी

संक्रांतीचं हळदीकुंकू डब्यात केलं! घरात एवढ्या बायका मावणार कुठे? आल्या, वाण घेतलं, आणि उठायचं नाव नाही. लेलेवहिनी तर सरळ गादीवर आडव्या झाल्या. "वैजयंतीबाई, पाच मिनिटं. कोणी विचारलं तर मी निघाले म्हणून सांगा." चांगल्या घोरल्या.

आणि ह्याच बाईच्या नवऱ्याची ती नोटीस!

२५ जानेवारी

आजचा दिवस! मंडपवाला बांबू घेऊन फाटकाशी उभा. अख्खी सोसायटी गॅलऱ्यांत. जीपला हार, चाकाखाली लिंबू, ऋताने नारळ फोडला. हे गॉगल लावून बसले. गॉगल कधी घेतला देव जाणे.

"बाजूला व्हा! फोर व्हील लावतोय!" केवढ्या ऐटीत लाल मूठ ओढली! जीप गरजली. मागची चाकं गरागरा फिरली, पुढची आपली जागच्या जागी, नाकासमोर बघत. इथली जमीन सगळी भरावाची, वर कोरडी आणि खाली लोणी. चाकं खाली, चिखल वर. लेले मागे उभे राहून "अजून! अजून!" करत होते. पांढरा झब्बा होता.

ह्यांनी तीनदा मूठ मागेपुढे केली. मला पदर तोंडावर धरावा लागला, लोकांना वाटलं रडतेय. थोडी रडत होतेच. गॉगलच्या खाली त्यांचा चेहरा कसा झाला असेल, हेच मनात येत होतं.

डबा हलला नाही. जीप मात्र पोटापर्यंत रुतली. आता दोन वस्तू हलवायच्या!

२६ जानेवारी

मंडप शेवटी डब्याला टेकवून घातला. आचाऱ्याने शिरा आतल्या ओट्यावर केला, सावलीत, वारा न लागता. सगळ्यांना दोनदोनदा पुरला. देवाने काही हरकत घेतली नाही. लेलेवहिनींनी सर्वांसमोर नवऱ्याला सांगितलं, "हा इथेच राहणार. दरवर्षी शिरा करायला लागतो." लेल्यांनी मान डोलावली. झब्बा निळा होता आज.

नागावला फोन करून ह्यांनी कळवलं, निघत नाही, रुतलाय. आवाज पडलेला वाटला मला.

२ फेब्रुवारी

दुपारी डब्यात बसले होते, तर दार वाजलं. टकटक. माझं दार कोणी वाजवतं, ह्याचीच सवय नाही! उघडलं तर हे.

"आत येऊ का?"

सरकून जागा दिली. घडीच्या टेबलाशी बसले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "पुढचा दांडा नाहीये त्या जीपला. मी पहिल्याच दिवशी वाकून बघितलं होतं."

"मग घेतली कशाला?"

"डबा झाडून आलीस की तू भांडत नाहीस. धाकट्याला शब्द दिलेला, नाही कसं म्हणायचं? म्हटलं, सगळ्यांसमोर ओढून बघू, नाहीच हलला तर शब्द मी मोडला असं होत नाही."

मग मीही सगळं सांगून टाकलं. इतके हसलो, इतके हसलो, की वरून ऋताची हाक आली, "आई, काय झालं?"

ह्यांनी उठून दार आतून लावलं.