राजाचे कुबड आणि अवंतीच्या गणवेशातली घडी

मी, निवेदिता दत्तात्रय बेटकर, वय एकोणतीस, अविवाहित, मूळ राहणार तालुका गुहागर, जिल्हा रत्नागिरी, सध्या राहणार शराफिया, जेद्दा, सौदी अरेबिया, व्यवसाय इंग्रजीची शिक्षिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या अक्षरात लिहिते. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही. उलट लिहू नकोस असेच सगळ्यांनी सांगितले. येत्या मंगळवारी माझ्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया आहे. कणा लहानपणापासून वाकलेला आहे. आता त्याचा दाब फुफ्फुसावर येतो आणि डावा पाय बधिर होत चालला आहे. डॉ. उन्मेष यांना मी विचारले, वाचेन का. ते म्हणाले, "वाचाल असं मला वाटतं. पण काही कागद करायचे असतील तर सोमवारपर्यंत करा." यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. माझ्या खोलीत राहणारी लाइबा, मूळची खेडची, आमच्याच शाळेत गणित शिकवते. तिला मी या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. माझा मिक्सर, इस्त्री आणि शब्दकोश तिचे. मिक्सर तिने स्वतः मागून घेतला. "मिक्सर मला दे, नाहीतर मरू नकोस, दोन्हीपैकी एक कर," असे ती म्हणाली आणि मग बराच वेळ भांडी घासत राहिली. जिला काही मिळणार तिने साक्षीदार होऊ नये असे कळले, म्हणून तिची सही खाली नाही.

२. माझे पदवीचे प्रमाणपत्र आईकडे, म्हणजे सौ. सरिता यांच्याकडे राहावे. आमच्या घरात असा कागद पहिलाच. आईने तो देवघराशेजारी टांगला होता, इथल्या नोकरीसाठी मी काढून आणला. तो परत त्याच खिळ्यावर जावा.

३. माझी निळी वही. इंग्लंडचे राजे रंगभूमीवर कसे दाखवतात यावर मी चार वर्षे टिपणे काढली. तिचे पुस्तक होईल असे मला वाटत होते. मुद्दा एवढाच, की जुन्या ऐतिहासिक नाटकांत चांगल्या राजाला शरीर नसते. तो नुसता उंच असतो, सैन्यासमोर बोलतो आणि जिंकतो. दुबळा राजा फिकट असतो आणि प्रार्थना करतो. वाईट राजाला मात्र पाठ असते, हात असतो, पाय असतो, आणि प्रेक्षकाने त्यावरून त्याचे मन ओळखायचे असते. तिसरा रिचर्ड लढाईत मेला. ज्याने त्याला हरवले त्याची नात गादीवर असताना नाटके लिहिली गेली. त्यांत त्याला कुबड मिळाले, वाळलेला हात मिळाला. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. हात धड होते. कणा बाजूला वाकलेला होता, कुबड नव्हते. एक खांदा थोडा वर असणार, आणि तो चिलखताखाली कोणाला दिसलाही नसेल. त्याच्या ताब्यातून नाहीशा झालेल्या दोन लहान पुतण्यांचे काय झाले ते मला माहीत नाही. त्यांना त्याने मारले असेलही. पण पाठीने मारले नाही.

ही वही नववीतल्या आसावरीला द्यावी. कारण पुढच्या कलमात आहे.

४. शाळेच्या स्नेहसंमेलनात गेल्या नोव्हेंबरमध्ये मुलींच्या विभागाने याच राजाचे नाटक केले. लिहिले मी, बसवले मी. आमच्याकडे राजेही मुलीच होतात; आसावरी राजा झाली. हे सगळे माहीत असून मी तिच्या पाठीवर कापसाची उशी बांधली. तिने विचारले, "मिस, सच में ऐसा था क्या वो?" मी म्हणाले, नाटकात असेच असते. हे खोटे होते. खरे कारण मी आज लिहिते. इथे अबायाने माझी पाठ झाकली, इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, तपासणीतही कोणी नीट पाहिली नाही. पण त्या महिन्यात मी चालताना एका बाजूला झुकू लागले होते आणि मुली कुजबुजत होत्या. त्यांना बघायला दुसरी पाठ हवी होती. मी ती शिवून दिली. रंगीत तालमीनंतर उशी लहान वाटली म्हणून आणखी कापूस भरला.

आसावरीची मी क्षमा मागते. उशी माझ्या कपाटात आहे. लाइबाने कापूस काढून साधी उशी करावी आणि डोक्याखाली घ्यावी.

५. माझी धाकटी बहीण अवंती, वय तेरा. नाटकाचे चित्रीकरण मी माझ्या मोबाईलवर केले आणि कौतुकाने घरी पाठवले. आठ दिवस तिचा फोन नाही. मग म्हणाली, "ताई, राजा आला की सगळे हसत होते. सगळ्यात मोठ्यांदा तू." मोबाईल माझ्याच हातात होता, त्यामुळे माझेच हसणे जवळून आले आहे. त्यानंतर ती आईसमोरही कपडे बदलत नाही. का, ते मला तेव्हा कळले नाही.

मग प्रजासत्ताक दिनाचा फोटो आला. नव्या गणवेशात अवंती, दोन्ही खांदे अगदी एका रेषेत. माणसाचे खांदे इतके सरळ नसतात. मी ओळखले. माझे वडील श्री. दत्तात्रय हे शिंपी आहेत आणि गावच्या नमनाच्या खेळात गेली पंचवीस वर्षे राजा होतात. "राजाने मान मोडावी, पाठ वाकवू नये," असे ते पोरांना शिकवतात. मी आठवीत असताना माझा एक खांदा खाली गेला, तेव्हा त्यांनी गणवेशात आतून कापडाची घडी शिवली. दरवर्षी घडी जाड होत गेली. डॉक्टर कोणी पाहिला नाही. बोभाटा झाला असता. मी फोन केला.

"बाबा, अवंतीच्या खांद्यात काय भरलंत?"

"काही नाही. शिलाईत जरा सरळ केलंय."

"मलाही असंच सरळ केलं होतंत."

"मग? बी. ए. झालीस, विमानात बसलीस. अडलं कुठे तुझं?"

मागून आई म्हणाली, "अहो, ठेवा तो फोन. आजारी पोर आहे ती."

माझे अडले आहे, बाबा. मंगळवारी कळेल किती. कणा आणखी वाकू नये म्हणून पाठीला बांधतात तो पट्टा माझ्या वयात चालत नाही. वाढत्या वयात चालतो, आणि अवंतीकडे जेमतेम दोन वर्षे आहेत. म्हणून माझी बँकेतली शिल्लक आणि शाळेकडून मिळेल ते सर्व अवंतीच्या पाठीच्या तपासणीसाठी आणि उपचारासाठीच खर्च व्हावे. लग्नासाठी नाही, घराच्या कौलांसाठी नाही. रक्कम लाइबाच्या हाती राहील आणि पहिला एक्स-रे पाहिल्याशिवाय ती काही देणार नाही. ती खेडची आहे, ऐकायची नाही.

६. माझे सर्व एक्स-रे अवंतीला. सोबत राजाच्या सांगाड्याचे छापील चित्र आहे. शेजारी शेजारी ठेवून बघ. अवंती, मी हसले ते तुला नव्हते, असे लिहून मला सुटता येणार नाही. मी माझ्याच पाठीला हसत होते आणि तुझी पाठ तशीच आहे.

७. बाबांना मी माझी शिवणाची कात्री देते. इथल्या बलद भागातल्या जुन्या बाजारातून त्यांच्यासाठीच घेतली होती. तिने पहिले काम अवंतीच्या गणवेशातली घडी उसवण्याचे करावे. दुसऱ्या कोणाकडून नको, त्यांनी स्वतः करावे.

८. देह घरी नेता आला तर न्यावा. शेवटचे निजवताना मी एका बाजूला कलेन. सरळ दिसावी म्हणून पाठीखाली कापड भरू नये.

ठिकाण: शराफिया, जेद्दा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: निवेदिता दत्तात्रय बेटकर

साक्षीदार: १. डॉ. उन्मेष फणसळकर २. विभावरी सुर्वे, परिचारिका

आम्ही दोघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत. मृत्युपत्र करणारीला खुर्ची दिली होती. तिने ती नाकारली आणि अबाया काढून ठेवून, आमच्यासमोर उभ्याने सही केली.