वजनाचा वर्ग कोणी घ्यायचा

३ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मला दवाखान्यातल्या वजनाच्या वर्गाला घातलंय. अकरा जण होतो, चौघं उरलो. वर्ग घेतात व्यायामशाळेचे सर. त्यांना जन्मात जिन्यावर धाप लागलेली नाही, त्यामुळे आम्हाला लागली की ते घड्याळ बघतात. काल उड्या मारताना मी आणि शेजारची ढोली एकमेकींवर आपटलो आणि हसून हसून उठताच येईना. सरांनी हसल्याबद्दल वीस उठाबशा दिल्या. त्या काढतानाही हसलो.

शनिवारी पालकांची बैठक झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, वर्ग आहारतज्ज्ञांनी घ्यावा; आहारतज्ज्ञ म्हणाल्या, सरच बरे; सर म्हणाले, खरं तर हे आईबापांचं काम. बाबा म्हणाले, मुलांना विचारा. मी सांगून टाकलं की जी स्वतः जाड आहे आणि हे रीतसर शिकलीय, अशी बाई द्या. सगळे हसले. पण मला तूच दिसत होतीस. चुकलं का माझं?

लोभ असू दे, उत्तर लांबलचक असू दे.

तुझी भाची

९ जून

चि. बडबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या उठाबशा वाचून मी मुलांच्या वॉर्डात इतकी हसले की एक झोपलेलं बाळ उठलं. पुढचं वाचून मात्र पत्र खिशात लपवलं. इथेही असाच वर्ग निघतोय आणि मोठ्या परिचारिकाबाईंनी माझं नाव सुचवलंय. प्रशिक्षण झालंय, तरी पंधरा दिवस मी टाळतेय. शिंप्याने माझ्या गणवेशाची कंबर दोनदा सोडलीय. पालक म्हणतील, या बाईंनी आधी स्वतःचं बघावं. तुझं चुकलं नाही गं, मीच घाबरट आहे.

बाबाला यातलं काही सांगू नकोस. लहानपणी तो मला वाफेचं इंजिन म्हणायचा.

सर्वांना प्रेम, तुला जरा जास्त.

तुझी आत्या

१५ जून

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मी बाबांना सांगितलं. माझ्या पोटात काही राहत नाही, अन्न सोडून.  बाबा म्हणाले की त्यांच्या चिडवण्यामुळेच तू पोहायला जाणं सोडलंस, आणि याची त्यांनी कधी माफीही मागितली नाही. खालची ओळ त्यांची आहे.

‘ताई, चुकलो. वर्ग घे.’

राग सोड, लोभ धर.

तुझी भाची

४ जुलै

चि. बडबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबाची ओळ चारदा वाचली, डोळे पुसले आणि होकार कळवून आले. मुलांना तपासायला डॉक्टर, गुरुवारी आहारतज्ज्ञ, बाकी सगळं माझ्याकडे. पालकांनीही सोबत चालायचं, हा नियम मी घातला.

काल पहिला दिवस. नऊ मुलं समोर, मागे पालक. आठ वर्षांच्या एका ठमीने सरळ माझं वजन विचारलं. तिच्या आईला कुठे तोंड लपवावं कळेना. मी खराखुरा आकडा सांगितला. ठमीने बोटांवर हिशेब केला आणि आनंदाने जाहीर केलं की ती माझ्या निम्मीसुद्धा नाही. मग काय, जो तो अपूर्णांक मांडायला लागला. एक पाऊण निघाला, दोघी निम्म्या निघाल्या. शेवटी मागच्या बाकावरचे एक वडील संकोचून उठले, म्हणाले की ते माझ्या सव्वापट भरतात, आणि त्यांनी हजेरीपटावर मुलाच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं.

लोभ मात्र वाढू दे, त्याला वर्गात बंदी नाही.

तुझी आत्या