आउटबॉक्समधले प्रवासी

४ फेब्रुवारी, मंगळवार

प्लास्टर! पायाला, चांगलं सहा आठवडे. स्टुलावर चढून जळमटं काढायची हौस नडली. डॉक्टर म्हणाले, "पाय टेकवायचा नाही." आणि माझ्या मेलांचं काय? घरात इंटरनेट नाही, फोनला रेंज नाही. घरी बसून उत्तरं लिहायची, ती आउटबॉक्समध्ये साठवायची, मग लॅपटॉप काखोटीला मारून खाली वाचनालयात जायचं. तिथे वायर जोडली की सगळी एकदम सुटतात. आता कोण जाणार?

"मी," सासूबाई म्हणाल्या. वय चौऱ्याहत्तर! "दुधाला जातेच की. त्यात काय एवढं!"

७ फेब्रुवारी, शुक्रवार

गेल्या आणि आल्यासुद्धा! "तुझे सगळे प्रवासी सोडले. नवे बसवून आणलेत." झाकण उघडायचं, वायर खोचायची, आउटबॉक्ससमोरचा आकडा जाईपर्यंत हलायचं नाही – एवढंच शिकवलं होतं. ग्रंथपालबाईंनी खुर्ची दिली तरी म्हणे उभ्याच राहिल्या. "बसले, डोळा लागला, आणि कोणी राहिलं मागे तर?"

नव्यांत एक मेल प्रकाशकांचा. इतकी वर्षं त्यांची शाळेची पुस्तकं घरी बसून तपासते. आता म्हणतात, पूर्णवेळ या. शहरात. राहायला जागाही देऊ. पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवा.

केव्हापासून वाट बघत होते याची! आणि आता? लॅपटॉपचं झाकणच मिटलं.

"काय गं, चेहरा का उतरला?"

"प्रुफात चुका फार आहेत, आई." धडधडीत खोटं.

१० फेब्रुवारी, सोमवार

हे गेले तेव्हा सगळे म्हणत होते, सून आता माहेरी जाईल. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जा म्हणणार नाही, राहा म्हणणार नाही. मी चहा दोघींचा टाकते, तुझं तू ठरव." अजून दोघींचाच टाकतात. किती गोड करतात! पण पिते.

यांनी किती विनवलं होतं त्यांना, शहरात चला म्हणून. "हे दार सोडून मी कुठे जायची नाही." संपला विषय. त्यांना न्यायचं म्हणजे झाड उपटून न्यायचं. आणि एकटीला ठेवून जायचं? छे!

तरीही होकार लिहिला. आउटबॉक्समध्ये टाकला. मग सुचलं – उद्या हा घेऊन जाणार कोण? त्याच! त्यांच्याच हाताने!

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी होकार आउटबॉक्समधून काढून ड्राफ्टमध्ये सरकवला. सासूबाई लॅपटॉप जुन्या शालीत गुंडाळत होत्या, तान्ह्या बाळासारखा.

"बसले ना सगळे?"

"बसले."

चोराच्या मनात चांदणं. त्यांच्याकडे बघवेना.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सांगायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा चहाच मागितला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

शेवटचा दिवस. ठरवून टाकलं – जायचं नाही. नकार लिहायलाही हात धजेना. दिवस आपोआप टळेल. नोकरीसाठी जीव तुटतोय, खोटं कशाला लिहू? पण या बाईशिवाय मला करमणारही नाही.

सासूबाईंना यायला आज उशीर. जीव टांगणीला! आल्या त्या रागावूनच. "अशी कशी गं वेंधळी! एक प्रवासी मागेच राहिला होता. ड्राफ्ट का काय, तिथे बसला होता बिचारा. ग्रंथपालबाईंना विचारलं आणि दिला त्यालाही गाडीत बसवून."

"आई... वाचलात तुम्ही?"

"मी दुसऱ्याचं टपाल वाचते होय?" आणि तरातरा चहा टाकायला गेल्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आत्ता धीर करून पाठवलेले मेल उघडले. होकार गेलाय. माझ्या नावाखाली एक ओळ जास्तीची, मी न लिहिलेली –

"ता. क. सोबत सासू येईल. जागा तळमजल्यावरची बघा, सुनेचा पाय मोडलाय."