आवाज बंद करून

मंगळवार, संध्याकाळ. मारतहळ्ळी.

ती पेनल्टी मी कालच पाहिली होती. हे आधी लिहून टाकते.

मेक्सिकोकडून फुटबॉल खेळलेले एक निवृत्त मिडफिल्डर आज हेब्बाळच्या अकादमीत मुलींना शिकवायला आले. त्यांच्या कारकिर्दीची फिल्म आमच्या सॉफ्टवेअरने बनवली. नियम माझाच: प्रेक्षकांचा आवाज सर्वांत मोठा, तो क्षण निवडायचा. शेवटी आली ती चुकलेली पेनल्टी, कारण तेव्हा प्रतिस्पर्ध्यांचं अख्खं स्टेडियम आनंदाने ओरडलं होतं.

"अगं बाई, काप ना ती हाताने. माणूस समोर बसणार आहे," माझ्यासोबत काम करणारी केतकी काल म्हणाली होती.

"मग डेमो कसला?" मी म्हणाले.

आज मोठ्या पडद्यावर ती पेनल्टी लागली. मुली वळून त्यांच्याकडे पाहू लागल्या. ते मात्र हसले. नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "यंत्राचं बरोबर आहे. मी पास द्यायचो तेव्हा कुणी ओरडत नसे."

सॉरी म्हणायला हवं होतं. मी काय म्हणाले? "फीडबॅकबद्दल थँक्यू."

मिडफिल्डरचं कामच पास देणं. एवढंही मला सुचू नये?

आता त्यांचे जुने सामने लावलेत. आवाज बंद करून.